छताखाली न झोपणाऱ्या बाईनं बोटीवर जावं का

आमच्या भागातून कुणी बोटीच्या सहलीला निघालं की अजूनही एकदा माझ्याकडे येऊन जातं. मी काही त्यातली जाणकार नाही. एकदाच गेले आहे. पण गेलेलं माणूस म्हणून लोक विचारतात आणि मला माहीत आहे तेवढं मी सांगते. मोठी बॅग धक्क्यावरच घेतात आणि ती खोलीत पोचायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं आणि एक साडी हातातल्या पिशवीत ठेवा. बोट लागू नये म्हणून गोळी घ्यायची असेल तर आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. खोली मागताना खालच्या मजल्यावरची, मधली मागा, तिथे हलणं कमी जाणवतं. बाथरूमचा उंबरा उंच असतो, पाय उचलून टाका. आत गार असतं, शाल न्या. शेगडी, इस्त्री, मेणबत्ती नेऊ नका, काढून घेतात. पोहता येत नसेल तरी चालतं.

इतकं सांगून झालं की मी थांबते. यापुढचा प्रश्न कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता. तो माझ्या आईचा होता.

आई लातूरला मेस चालवायची. मेस म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याचं शेड, शेडमध्ये दोन चुली आणि भिंतीला ओळीनं लावलेले डबे. बारावीच्या आणि मेडिकलच्या क्लाससाठी नांदेडहून, परभणीहून, कुठून कुठून पोरं यायची आणि आमच्या गल्लीत खोल्या घेऊन राहायची. सकाळी पहिला क्लास सुटायच्या आत डबे भरून तयार लागत. 'मावशी, डबा' ही हाक मी इतक्या वेळा ऐकली आहे की माझं नाव कुणी घेतलं तरी आधी मला डब्याचीच आठवण येते. गल्लीत अशा मेस चालवणाऱ्या आठ-नऊ बायका होत्या. त्यातल्या बहुतेक आमच्यासारख्याच, भूकंपानंतर गाव सोडून आलेल्या.

भूकंपाबद्दल मी फार लिहिणार नाही. मी तेव्हा लहान होते. गणपती बुडवून आल्यावरची ती पहाट. आमचं घर दगडमातीचं होतं, वर मातीचं जाड छत. आमच्या घरातली दोन माणसं गेली. आई वाचली, मी वाचले, वडील परगावी होते म्हणून वाचले. पुढे सरकारनं नवं गाव वसवलं, नवी घरं दिली, त्यांना सिमेंटचं छत होतं. आई त्या घराच्या अंगणात झोपायची. पावसाळ्यातसुद्धा, वर ताडपत्री बांधून. लातूरला आल्यावर खोल्या बघताना ती एकच गोष्ट बघायची. घरमालक नळ दाखवायचा, संडास दाखवायचा आणि आई मान वर करून बघत राहायची. पत्रा असेल तर घ्यायचं. स्लॅब असेल तर नाही.

शिवाय झोपायच्या आधी ती उशाशी एक स्टीलचं फुलपात्र उलटं ठेवायची, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. जमीन जरा हलली तरी ती पडणार आणि आवाजानं जाग येणार. हे तिनं शोधून काढलेलं नव्हतं. त्या वर्षी आमच्याकडे घरोघर हे चालायचं. बाकीच्यांनी हळूहळू सोडलं. आमच्या गल्लीतल्या बायकांनी मात्र सोडलं नव्हतं. मी कॉलेजात जाऊ लागले तरी मला फुलपात्रं रचल्याशिवाय झोप लागत नसे, हे मी मैत्रिणींना कधी सांगितलं नाही.

बोटीचं खूळ उदगीरच्या काकूंनी काढलं. त्या आमच्या शेजारच्या मेसवाल्या, जाड आवाजाच्या, बोलायला कुणाला न भिणाऱ्या. एका क्लासवाल्या सरांचं कुटुंब मुंबईहून बोटीनं गोव्याला जाऊन आलं होतं आणि त्यांच्या बाईसाहेब काकूंकडे दिवाळीच्या फराळाची ऑर्डर द्यायला आल्या होत्या. काकूंनी सहज विचारलं, बोटीवर जेवायला काय असतं हो. बाईसाहेब हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही कशाला विचारता, तुम्ही थोड्याच जाणार आहात?"

काकूंनी ऑर्डर घेतली. बाईसाहेब गेल्यावर काकू आमच्या शेडमध्ये येऊन बसल्या.

"थोड्याच जाणार म्हणं," त्या म्हणाल्या. "आपल्या भाकरी खाऊन पोरं डॉक्टर झाली. आपुन बोटीत बसलं तर बोट बुडंल का?"

"बुडंल की," नांदेडच्या मावशी म्हणाल्या. त्या गल्लीच्या टोकाला राहायच्या. "तू बसलीस तर बुडंल. वजन बघ तुझं."

सगळ्या हसल्या. आई पीठ मळत होती. ती म्हणाली, "तिथं कुणी 'मावशी, डबा' म्हणत न्हाई का?"

"तिथं आपुन म्हणायचं, डबा आण."

"मग मी येते," आई म्हणाली.

मला वाटलं थट्टा चालली आहे. पण त्या वर्षीची भिशी बायकांनी वाटून घेतली नाही. भाऊबीज झाल्यावर पोरं परत यायच्या आधीचे चार दिवस त्यांनी ठरवले. मुंबई, गोवा, पुढे समुद्रात एक फेरी आणि परत मुंबई. मला बरोबर न्यायचं ठरलं, कारण मी बी.ए.ला होते आणि इंग्रजी वाचता येत होतं. खरं तर वाचता यायचं, बोलायला माझी जीभ वळत नसे. मराठीतसुद्धा मोठ्या माणसांसमोर माझा आवाज घशातच राहायचा.

निघायच्या आधी टूरवाल्यांनी त्यांच्या ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. आमच्या बायका होत्या, एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी होत्या, एक व्यापारी कुटुंब होतं. टूरचे साहेब बोलायला चांगले होते. वर सांगितलेल्या सूचना मी त्यांच्याकडूनच ऐकल्या. मग ते म्हणाले, काही शंका असतील तर विचारा.

"पाण्यात पडलं तर?" नांदेडच्या मावशींनी विचारलं.

"कठडे आहेत. पडत नाही कुणी."

"आन् पडलं तर?"

"सगळ्यांसाठी जॅकेटं असतात. पहिल्याच दिवशी कवायत घेतात. भोंगा वाजला की कुठं जमायचं ते दाखवतात."

"बोट लागते म्हणजे लई लागते का?" काकूंनी विचारलं. "मी उदगीरहून यष्टीच्या लाल डब्यात उभ्यानं येते, मला काई होत न्हाई."

"मग तुम्हाला समुद्र काही करणार नाही," साहेब म्हणाले आणि प्राध्यापकसुद्धा हसले.

आईनं हात वर केला, शाळेत करतात तसा. "खोलीत वर काय असतं?"

"वर म्हणजे?"

"डोस्क्याच्या वर."

"छत असतं."

"कशाचं?"

"लोखंडाचं. आणि त्याच्यावर दुसरा मजला. असे बरेच मजले आहेत."

आईनं मान वर करून ऑफिसचं छत बघितलं. मग म्हणाली, "उघड्यावर झोपता येतं का?"

प्राध्यापकांच्या पत्नी मोठ्यानं हसल्या. त्या वाईट नव्हत्या, त्यांना खरंच गंमत वाटली असावी. साहेबही हसत म्हणाले, "रात्री वरचा डेक बंद करतात, मावशी. नियम आहे. एवढ्या छान गाद्या टाकून उघड्यावर कोण झोपतं?"

आमच्या बायकांपैकी कुणी हसलं नाही.

बाहेर पडताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. "तुमच्या आईंना नेऊ नका," ते म्हणाले. "मला कळतं, तुम्ही भूकंपातली माणसं. पण तिथं बंद खोली, रात्री जहाज हलतं, कुरकुरतं. त्यांना त्रास होईल, मग आख्ख्या ग्रुपला होईल. आत्ता नाव काढलं तर मी बघतो काय करता येतं ते." त्यांचं बोलणं मला खरं वाटलं. घरी आल्यावर मी आईला ते जसंच्या तसं सांगितलं. आई डबे घासत होती.

"तू काय म्हनलीस?"

"काही नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली. "मी काय म्हनते ते मी तिथं जाऊन सांगंन."

मुंबईला पोचलो, धक्क्यावर बॅगा दिल्या, बोटीत चढलो. ती बोट म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीवर आणखी एक गल्ली, तिच्यावर आणखी एक, अशी उभी केलेली होती. खोलीत आई, मी आणि काकू. खिडकी नव्हती. आई गादीवर उभी राहिली आणि तिनं हात वर केला. तळहात छताला टेकला. ती तशीच उभी राहिली. मग खाली उतरली, पिशवी उघडली आणि त्यातून फुलपात्रं काढली.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण मलाही सुचलं नाही. मी स्वतः टेबलावरची बाटली बाजूला केली आणि तिला जागा करून दिली. काकूंनी आपली तीन फुलपात्रं पलीकडच्या कोपऱ्यात रचली. बाकीच्या खोल्यांतही तेच झालं, हे नंतर कळलं. कवायत झाली, नारिंगी जॅकेटं घालून सगळ्या एकमेकींना बघून हसल्या, दुपारी पोटभर जेवण झालं आणि आम्ही आडव्या झालो. रेल्वेत रात्रभर डोळा लागला नव्हता.

बोट खाडी सोडून मोकळ्या समुद्रात आली असावी. आधी आमची फुलपात्रं पडली, लगेच काकूंची. त्या लहानशा लोखंडी खोलीत तो आवाज असा झाला की मी आधी दारात पोचले आणि मग मला जाग आली. आईनं माझं मनगट धरलं होतं. बाहेरच्या बोळात ती एकेका दारावर थापा मारत ओरडत निघाली, "उठा, बाहेर पडा, उघड्यावर चला." दारं आधीच उघडत होती, कारण आत फुलपात्रं पडलीच होती. आमच्या सगळ्या बायका अनवाणी, पदर सावरत जिन्यावरून वर धावल्या. नांदेडच्या मावशींनी जॅकेटही घातलं होतं. वर डेकवर लोक चहा पीत बसले होते. ऊन होतं, वारा होता. मुंबई मागे धुरकट दिसत होती आणि काहीही पडत नव्हतं.

आधी लोक उठून उभे राहिले. काय झालं, आग लागली का, म्हणून विचारू लागले. मग कुणीतरी कळलं तसं सांगितलं आणि हसू पसरलं. एकानं फोटो काढला. प्राध्यापकांच्या पत्नी तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. मला पायाखालचा डेक फाटावा असं वाटलं.

काकूंनी दम घेतला आणि म्हणाल्या, "आगं, पाण्यावर हाय आपुन. भांडं पडणारच की." त्या हसायला लागल्या. एकेक करून आमच्या बायका हसल्या. नांदेडच्या मावशी जॅकेटच्या गाठी सोडत म्हणाल्या, "बघा, काय करून राहिलो आपण. लातूरची भांडी समुद्राला समजवायला आणली."

आई हसली नाही. ती कठड्याला पाठ लावून खाली बसली होती आणि तिचा हात अजून माझ्या मनगटावर होता.

साहेब आले. ते ओरडले नाहीत. आवाज खाली ठेवून बोलले, आणि तेच मला जास्त लागलं. "मी सांगितलं होतं. बोटीवर असा गोंधळ चालत नाही, मावशी. मला वर जाब द्यावा लागतो. उद्या सकाळी गोवा येतंय. तिथून लातूरला जायची मी सोय करतो. तुम्ही आणि मुलगी उतरा. बाकीच्यांची सहल तरी नीट होऊ दे."

"मी उतरणार न्हाई," आई म्हणाली.

"अहो, तुम्ही घाबरताय."

"व्हय. भिते मी." तिचा श्वास अजून जागेवर नव्हता. "भितभित येईन. भिणाऱ्यानं उतरावं असं तुमच्या कागदात लिव्हलंय का?" तिनं माझ्याकडे बघितलं. "तू वाचलास नव्हं सगळा कागद. लिव्हलंय का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी नाही अशी मान हलवली.

"आज रात्री झोपणार कुठं तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"झोपणार न्हाई," आई म्हणाली. "झोपावंच लागतं असं बी लिव्हलं नसंल."

ती रात्र आईनं जेवणाच्या हॉलशेजारी काढली. तिथे रात्रभर चहा मिळत असे आणि मोठ्या काचा होत्या. वर छत होतंच, पण दार उघडं होतं, माणसं ये-जा करत होती आणि ती खुर्चीत सरळ बसून होती. मी बरोबर होते. काकू येऊन गेल्या, मावशी येऊन गेल्या. चहा देणाऱ्यानं एकदोनदा इंग्रजीत काही विचारलं, मी नुसती हसले. आई मात्र त्याला मराठीत सांगत होती की चहात आलं कमी पडलंय. लातूरच्या भूकंपानंतर बिनझोपेच्या रात्री तिनं खूप काढल्या होत्या. त्यामुळे हेही निभेल असं मला वाटत होतं. उजाडता उजाडता मात्र तिचा चेहरा राखेसारखा झाला. अशा आणखी रात्री तिला जमणार नाहीत हे मला दिसत होतं. साहेबांचं बरोबर आहे, उतरून गेलेलं बरं, असं माझ्या मनात आलं आणि मी ते बोललेसुद्धा.

"तुला जायचं तर जा," ती म्हणाली. "त्या क्लासवाल्या बाईसाहेबांनी विचारलं तर काय सांगू, लोखंडाला भिऊन पळाले?"

"त्यांना कशाला सांगायचं?"

"त्यांना न्हाई गं." तिनं कपातला गाळ बघितला. "माझं मलाच सांगावं लागंल. रोज सांगावं लागंल."

गोवा आलं. लोक टोप्या घालून रांगेत लागले. आमच्या बायकाही निघाल्या, त्यांना मीच जा म्हटलं. वरचा डेक उघडला होता आणि मोकळा पडला होता. आडवं पडायच्या लांब खुर्च्यांच्या ओळी होत्या, वर काही नव्हतं. आईनं मान वर करून बघितलं. खोली घेताना बघायची तसं. मग एका खुर्चीवर तिनं शाल अंथरली, चपला खुर्चीखाली ठेवल्या, पदर डोळ्यांवर ओढला आणि ती आडवी झाली. मी काही विचारायच्या आत तिचा श्वास बदलला होता. फुलपात्रं खालीच होती. ती रचायचं तिच्या ध्यानातही आलं नाही. इतक्या वर्षांत मी तिला दिवसाउजेडी झोपलेली बघितली नव्हती. दिवसा डबे असत.

ती घोरत होती. चांगली मोठ्यानं. पलीकडे दोघं परदेशी लोक पुस्तक वाचत होते, त्यांनी एकदा बघितलं आणि परत वाचू लागले.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. साहेब जिना चढून आले. त्यांच्या हातात आमची बॅग होती.

"गाडी खाली उभी आहे," ते म्हणाले. "ड्रायव्हर थांबायला तयार नाही. उठवा त्यांना."

मी उभी राहिले. साहेब वडिलांच्या वयाचे होते. त्यांनी आमच्यासाठी धावपळ केली होती, आपल्या खिशातून गाडी ठरवली असती तरी मला नवल वाटलं नसतं. घरी मला कायम शिकवलं होतं की मोठ्यांना उलट बोलायचं नाही, आणि तोवर मी कुणाला उलट बोललेही नव्हते.

"झोपली आहे ती," मी म्हटलं.

"दिसतंय मला. उठवा."

"नाही."

"अहो, पण..."

"उठवायचं नाही तिला." माझा आवाज फाटला, पण थांबला नाही. "तुम्ही म्हणालात रात्री डेक बंद असतो. दिवसा उघडा असतो. ती दिवसा झोपेल. रात्री चहाच्या हॉलमध्ये बसेल. मी बसेन बरोबर. तुम्हाला कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. पण तिला कुणी हात लावायचा नाही."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आईकडे बघितलं. तिचा एक पाय खुर्चीवरून खाली लोंबत होता आणि तोंड उघडं होतं.

"असं कुणी बोट बघतं का?" ते म्हणाले.

"आम्ही बघतो," मी म्हटलं.

त्यांनी बॅग माझ्या पायाशी ठेवली. "ऊन वाढलं की त्यांची खुर्ची सावलीत सरकवा," असं म्हणून ते जिना उतरून गेले. गाडीचं काय झालं मी विचारलं नाही. खुर्ची सरकवायला मात्र मी धजले नाही. माझी ओढणी दोन खुर्च्यांच्या पाठींना बांधून तिच्या तोंडावर सावली केली. वारा ती सारखी ओढत होता, म्हणून एक टोक मी हातात धरून बसले.

बायका परत आल्या, भोंगा वाजला, बोट धक्का सोडून निघाली तरी आई झोपलेली होती. उतरतं ऊन पायांवर आल्यावर ती जागी झाली. आधी तिनं वर बघितलं. मग माझ्याकडे.

"गोवा गेलं का?"

"गेलं."

"तू बघून आलीस?"

"नाही. इथेच होते."

"येडी हाईस का?" ती उठून बसली. "मी झोपले तर झोपले, तू कशाला बसलीस मढ्याजवळ बसल्यावानी? एवढी समदी गोवा बघाया गेली आन् तू ओढणी धरून बसलीस." ती बराच वेळ बोलत होती. काकू शेजारच्या खुर्चीवर काजू खात ऐकत होत्या आणि मधेच म्हणाल्या, "बोल बोल. झोप झाली की जीभ चालती."

आईनं त्यांच्या हातातले चार काजू घेतले. समुद्राकडे बघत खाल्ले. सूर्य अजून बराच वर होता.

"डेक कवा बंद करत्यात?" तिनं मला विचारलं.

"जेवणाच्या वेळेला."

"मग टाईम हाय," ती म्हणाली. "राती परत बसायचंय." आणि तिनं पाय वर घेतले, शाल नीट केली आणि कुशीवर वळून पुन्हा डोळे मिटले.